थंडीच्या तोंडावर फ्युशिया

ब्रिटनमध्ये सप्टेंबरअखेर बहुतेक बागा उतरणीला लागतात, पण फ्युशिया तेव्हा ऐन बहरात असतो. लाल, जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं फांदीफांदीला लोंबत असतात आणि कडाक्याची पहिली रात्र येईपर्यंत नवी कळी धरणं थांबत नाही. मग एका रात्रीत सगळं काळवंडतं. पानं गळतात आणि उरतात नुसत्या काटक्या. मे महिन्यात गार्डन सेंटरमधून हौसेनं आणलेली ती टोपली दिवाळीच्या साफसफाईत बागेच्या कचऱ्यात जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातली पुष्कळ झाडं मेलेली नसतात. फ्युशिया हे बहुवर्षायू झुडूप आहे. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही, एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मी झाडं वाचतील.

पुढची सगळी निगा इंग्लंड-स्कॉटलंडच्या हवेला धरून सांगितली आहे. भारतातल्या फ्युशियाचं गणित उलटं असतं, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

## मूळ गाव कोणतं, त्यावर निगा ठरते

फ्युशियाच्या शंभराहून अधिक मूळ जाती आहेत. बहुतेक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या, मोजक्या न्यूझीलंडमधल्या आणि एक ताहिती बेटावरची. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाला सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर हे झाड दिसलं. 1703 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्यानं लेओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं.

अँडीज पर्वताच्या ढगाळ जंगलांत यातल्या कितीतरी जाती वाढतात. तिथे हवा गार आणि ओलसर असते. कडक ऊन नाही आणि गोठवणारी थंडीही नाही. फ्युशियाचा स्वभाव तिथला आहे. आपल्या बागेतल्या झाडांची मात्र ढोबळमानानं तीन घराणी पडतात आणि तिन्हींचा हिवाळा वेगवेगळा असतो.

पहिलं घराणं मॅजेलॅनिकाचं. ही जात चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडची, बोचरे वारे आणि बर्फ सोसणारी. फुलं लहान आणि सडपातळ, पण झाड चिवट. लेबलवर ‘हार्डी’ लिहिलेल्या बहुतेक वाणांत हिचं रक्त असतं. मिसेस पॉपल, रिकार्टोनाय, टॉम थंब, हॉक्सहेड ही त्यातली घराघरांत दिसणारी नावं. आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर, केरी आणि कॉर्क परगण्यांत, हा फ्युशिया रस्त्याकडेच्या कुंपणांतून कुणी न लावता माजलेला दिसतो.

दुसरं घराणं मोठ्या, भरगच्च फुलांच्या संकरित वाणांचं. टांगत्या टोपल्यांत लावतात तो स्विंगटाइम यातलाच. यांच्या मुळांचा गोळा एकदा गोठला की झाड संपतं.

तिसरं घराणं त्रिफिलाचं. प्ल्युमिएला दिसलेली जात हीच. फुलं लांब नळीसारखी, केशरी-लाल, झुपक्यानं येणारी. थालिया हा त्यातला प्रसिद्ध वाण. उष्ण बेटावरची ही मंडळी थंडीला सगळ्यांत हळवी. पारा पाच-सहा अंशांवर आला तरी त्यांची कुरकुर सुरू होते.

लेबल हरवलं असेल तर फुलावरून अंदाज बांधता येतो. नळीसारखी फुलं झुपक्यानं आली तर त्रिफिला. फुलं मोठी, दुहेरी घेराची आणि फांद्या खाली लोंबणाऱ्या असतील तर नाजूक समजून चाला. लहान, बारीक फुलं आणि ताठ झुडूप असेल तर बहुधा हार्डी. तरी शंका उरलीच तर झाड आत घ्यावं. घेतल्यानं नुकसान काहीच होत नाही.

## सप्टेंबरात काय थांबवायचं

आधी खत बंद करायचं. उन्हाळाभर टोमॅटोचं पातळ खत देत असाल तर सप्टेंबरच्या मध्यापासून ते देऊ नका. खत चालू राहिलं की कोवळी, रसाळ फूट येत राहते आणि थंडीत पहिली तीच मरते. कुंडी पालटणं, मोठ्या कुंडीत हलवणं हेही आता नको.

पाणी हळूहळू कमी करा. दिवस लहान होतात, ऊन उतरतं, झाड पाणी कमी पितं. उन्हाळ्याच्या सवयीनं रोज झारी फिरवली तर मुळं कुजतात.

सुकलेली फुलं खुडताना त्यामागचं फळही काढावं, म्हणजे झाडाची ताकद बियांत जात नाही. ही काळपट जांभळी फळं खाता येतात आणि काही जण त्यांचा जॅमही करतात. चव वाणागणिक बदलते, काही अगदीच पचपचीत लागतात. मात्र झाडावर कीटकनाशक मारलं असेल तर फळ तोंडात घालू नये.

## जमिनीतली झाडं: कात्री बाजूला ठेवा

हार्डी फ्युशिया जमिनीत असेल तर ऑक्टोबरात त्याची छाटणी करू नका. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून शेजारीपाजारी सगळं कापून काढतात, ते पाहून आपलाही हात शिवशिवतो. पण वाळक्या दिसणाऱ्या त्या फांद्या बुंध्याभोवती वारा अडवतात, पालापाचोळा धरून ठेवतात आणि खालच्या डोळ्यांना पांघरूण पुरवतात. शिवाय छाटणी म्हणजे झाडाला फुटण्याचा इशारा. नोव्हेंबरात चार दिवस ऊब मिळाली की छाटलेलं झाड फुटतं आणि ती फूट पुढच्या गारठ्यात जळते. छाटणी वसंतात, बुंध्याशी नवे डोळे दिसू लागले की मगच.

खरी काळजी घ्यायची ती बुंध्याची, म्हणजे मातीलगतच्या गड्ड्याची. पहिल्या फ्रॉस्टनं, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीनं, पानं काळी पडली की बुंध्याभोवती दहा सेंटीमीटरभर जाड आच्छादन घाला. कुजलेला पाला, सालीचे तुकडे, घरचं कंपोस्ट, काहीही चालेल. 2010 चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सगळ्यांत थंड डिसेंबर होता. तशा हिवाळ्यात वरच्या फांद्या पार जमिनीपर्यंत मरतात. गड्डा मातीखाली सुरक्षित असेल तर तिथून नवे धुमारे येतात.

म्हणूनच हार्डी फ्युशिया लावतानाच खोल लावतात. कुंडीतल्या मातीची पातळी जमिनीच्या पातळीपेक्षा पाचेक सेंटीमीटर खाली जायला हवी. हे काम जूनमधलं आहे, कारण थंडीपूर्वी मुळांना पसरायला तीन-चार महिने लागतात. सप्टेंबरात सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं रोप, लेबलवर हार्डी लिहिलेलं असलं तरी, या वर्षी जमिनीत लावू नका. कुंडीतच ठेवून हिवाळा काढा आणि पुढच्या जूनमध्ये लावा.

लंडनच्या आसपास चिकणमाती आहे. तिथे थंडीपेक्षा साचलेलं पाणी अधिक झाडं मारतं. वाफा जरा उंच करा, लावतानाच मातीत खडी मिसळा.

## कुंडीतली झाडं: निजवायचं कसं

मुहूर्त सोपा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, दिवाळीही त्याच्या मागेपुढे येते. इंग्लंडच्या आतल्या भागात साधारण याच सुमारास पहिला फ्रॉस्ट पडतो. स्कॉटलंडमध्ये तो लवकर येतो, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बराच उशिरा. हवामानाच्या अंदाजात रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांवर आलेलं दिसलं की नाजूक झाडं त्याच संध्याकाळी आत हलवा. त्रिफिला त्याच्याही आधी, सप्टेंबरअखेरीस.

आत नेण्यापूर्वी फांद्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटा. इथे छाटणी चालते, कारण झाड थंडीच्या माऱ्यात उभं राहणार नसतं आणि जागाही वाचते. अगदी खुंट करू नका. हिवाळ्यात फांद्यांचे शेंडे थोडे मागे वाळत जातात, तेवढी शिल्लक हवी.

मग राहिलेली पानं हातानं काढून टाका. फुलांनी भरलेल्या झाडाची पानं ओरबाडणं जिवावर येतं, पण हे केलंच पाहिजे. बंदिस्त, दमट जागेत ही पानं पिवळी पडून सडतात, त्यांच्यावर करडी बुरशी धरते आणि ती फांद्यांत उतरते. पानांच्या मागे पांढऱ्या माशीची अंडीही असतात. पानाबरोबर तीही जातात. मातीवर पडलेला कचरा वेचून घ्या.

आता जागा. चार ते सात अंश तापमान, गोठणार नाही आणि उबही लागणार नाही अशी. फ्रॉस्ट शिरणार नाही असं ग्रीनहाऊस उत्तम. पण पानं काढलेल्या, निजलेल्या झाडाला उजेडाची गरज नसते, त्यामुळे घराला लागून असलेलं गॅरेज, तळघर, शेड हेही चालतं. काँक्रीटच्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नका, खाली लाकडाची फळी किंवा थर्माकोलचा तुकडा सारा. कुंडीभोवती बबल रॅप आणि फांद्यांवर बागेचं फ्लीस गुंडाळलं की दोन-तीन अंशांची भर पडते.

दिवाणखान्यात मात्र आणू नका. सेंट्रल हीटिंगची वीस अंशांची कोरडी हवा आणि डिसेंबरचा अपुरा उजेड यांत झाडाला झोपही लागत नाही आणि नीट वाढताही येत नाही. लांबुडक्या, फिक्या फांद्या येतात आणि त्यांच्यावर पांढरी माशी आणि कोळी जमतात. त्रिफिलाचं तेवढं वेगळं. तिला दहा अंशांच्या आसपासची उजेडाची जागा हवी, निदान सातच्या खाली नको. तिची पानंही सगळी काढायची नाहीत, ती हळूहळू वाढत राहते.

## ना गॅरेज, ना ग्रीनहाऊस

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी एक जुनी रीत आहे. बागेच्या उंच, पाणी न साचणाऱ्या कोपऱ्यात दीड-दोन फूट खोल चर खणायचा. तळाशी वाळलेलं गवत पसरायचं. छाटलेली, पानं काढलेली झाडं मुळांच्या गोळ्यासकट त्यात आडवी निजवायची, वर पुन्हा गवत आणि शेवटी मातीचा उंचवटा. वसंतात उकरून काढायची. जमिनीत एवढं खाली सहसा गोठत नाही आणि ओल बेताची राहते. जागेवर खूण करून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये फावडं झाडावरच पडायचं.

## उंच दांड्याची झाडं

एका सरळ दांड्यावर छत्रीसारखा घेर वाढवलेल्या फ्युशियाला स्टँडर्ड म्हणतात. तो तयार व्हायला दोनेक वर्षं जातात. वाण हार्डी असला तरी स्टँडर्ड कधीही बाहेर ठेवू नका. थंडीत दांडा मेला तर बुंध्यातून नवी फूट येईल खरी, पण ती साध्या झुडपाची, आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. दांड्याला पाइपवर चढवतात ती फोमची नळी चढवा आणि झाड आत घ्या.

## हिवाळ्यातलं पाणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात थंडीनं जितकी झाडं मरतात तितकीच पाण्याच्या चुकीनं मरतात असं माझं मत आहे, आणि ही चूक दोन्हीकडून होते. झाड निजलंय म्हणून काहीजण चार महिने ढुंकूनही पाहत नाहीत. मुळांचा गोळा खडखडीत वाळतो आणि बारीक मुळं मरतात. उलट काहीजण काटक्यांची दया येऊन दर आठवड्याला पाणी घालतात. पानं नाहीत, तेव्हा पाणी पिणारं कुणी नाही. ते मातीत बसून राहतं आणि मुळं कुजतात.

माती जेमतेम ओलसर हवी. दोन-तीन आठवड्यांनी एकदा कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहा. हलकी लागली, बोट खुपसल्यावर आत कोरडं जाणवलं, तर कुंडीच्या कडेनं कपभर पाणी द्या. जड लागली तर तशीच ठेवा. पाणी सकाळी घाला आणि फांद्या भिजवू नका. थोडी उघडीप असलेल्या दिवशी शेडचं दार तासभर उघडं ठेवलं तर बुरशी आटोक्यात राहते.

झाड जिवंत आहे की नाही, हे नखानं कळतं. फांदीची साल किंचित खरवडा. खाली हिरवा ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. असं करत बुंध्यापर्यंत जा. शेंड्याकडून मेलेल्या फांदीचा बुंधा हिरवा निघतो, हे वारंवार पाहायला मिळतं.

## कलमं घेऊन ठेवा

ऑगस्ट-सप्टेंबरात चार कलमं घेऊन ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त विमा. फूल नसलेला कोवळा शेंडा पाच-सात सेंटीमीटर लांब, पानाच्या पेराखाली कापा. खालची पानं काढा आणि निम्मी खडी-वाळू मिसळलेल्या मातीत कुंडीच्या कडेला खोचा. वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. फ्युशियाची कलमं सहज धरतात, तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. रोपं उजेडाच्या, आठ-दहा अंशांच्या खिडकीत ठेवा. ती निजवायची नसतात. न तापवलेल्या खोलीची खिडकी त्यांना पुरते.

## मातीतली अळी, शेंड्यातला कोळी

कुंडी आत नेण्याआधी मातीत काय आहे ते पाहा. व्हाइन वीव्हिल नावाचा काळपट भुंगेरा रात्री पानांच्या कडा कुरतडतो. त्यानं झाड विद्रूप दिसतं, एवढंच. खरं नुकसान त्याच्या अळीचं. शरदापासून वसंतापर्यंत ती मुळं खात बसते आणि हात लावला की झाड नुसतं उपटून येतं. अळी दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची, सेंटीमीटरभर, अर्धगोल वळलेली. शेतातली हुमणी पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल, पण हुमणीला पाय असतात, हिला नसतात. गार्डन सेंटरमध्ये किंवा पोस्टानं मिळणारे सूत्रकृमी पाण्यात कालवून मातीत ओततात, ते या अळीत शिरून तिला मारतात. माती पाच अंशांहून थंड झाली की त्यांचं काम थांबतं, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हे उरकावं.

दुसरा शत्रू फ्युशियाचा गॉल माइट, डोळ्यांना न दिसणारा कोळी. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. इंग्लंडच्या भूमीवर तो 2007 मध्ये सापडला. शेंड्याची पानं आणि कळ्या सुजून, पिळवटून, लालसर गाठीसारख्या झाल्या तर तोच समजा. घरगुती वापराच्या औषधानं तो जात नाही. सुजलेले भाग खूप खालपर्यंत कापा, जाळा किंवा बंद पिशवीत कचऱ्यात टाका. घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. हा कोळी कळ्यांच्या खवल्यांत हिवाळा काढतो, म्हणून अशा झाडाचं कलम कुणाला देऊ नये आणि कुणाकडून घेऊही नये.

पानांच्या मागे केशरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. पानं वेचून टाका आणि झाडांत अंतर ठेवा.

एका पाहुण्याला मात्र मारू नका. पाला झाडताना बोटाएवढी, तपकिरी, डोक्याजवळ मोठाले डोळे रंगवल्यासारखे ठिपके असलेली अळी दिसली तर ती एलिफंट हॉकमॉथची. फ्युशियाची पानं ती खाते खरी, पण शरदात ती खाणं संपवून पाल्याखाली कोशात जाण्याच्या तयारीत असते. तिला उचलून कुंपणाच्या बुडाशी पाल्यात सोडा. पुढच्या उन्हाळ्यात तिचा गुलाबी आणि मेंदी रंगाचा पतंग होतो.

## जाग आणायची ती पाडव्याच्या सुमारास

ऊब आणि उजेड देता येत असेल तर फेब्रुवारीअखेर, नसेल तर मार्चच्या शेवटी, गुढीपाडव्याच्या आसपास झाड जागं करायचं. कुंडी उजेडात, दहा अंशांच्या जागी आणा. कोमट पाण्याचा हलका फवारा फांद्यांवर रोज मारा. डोळे फुगले की प्रत्येक फांदी दोन जोड्या डोळ्यांवर छाटा.

मग कुंडी पालटायची, आणि तीही लहान कुंडीत. अनेकांना हे उफराटं वाटतं. झाड उलटं करून मुळांचा गोळा बाहेर काढा. जुनी माती काट्यानं विंचरून झाडा, बाहेरची एक तृतीयांश मुळं कात्रीनं कापा, अळ्या आहेत का ते पाहा. आता उरलेला गोळा जेमतेम मावेल अशा कुंडीत ताज्या कंपोस्टमध्ये बसवा. लहान कुंडीत ओल ताब्यात राहते आणि नवी मुळं झपाट्यानं येतात. ती कडेला पोचली की एक माप मोठी कुंडी द्या.

बाहेर न्यायची घाई नको. मेअखेर फ्रॉस्टची भीती संपते. त्याआधी आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत, असं सरावाला ठेवा. जमिनीतल्या हार्डी झाडाची वाट जूनच्या मध्यापर्यंत पाहा. कडक हिवाळ्यानंतर ते फार उशिरा फुटतं, आणि एप्रिलमध्येच ‘गेलं’ म्हणून उपटलेल्या झाडाच्या गड्ड्यावर पांढरे कोंब निघाल्याचं पाहून पस्तावायची वेळ येते.

## भारतातल्या फ्युशियासाठी

उटीसारख्या उंच, थंड ठिकाणी फ्युशिया सुखानं नांदतो. पुण्या-नाशकात हिवाळा हाच त्याचा चांगला हंगाम. तिथे नोव्हेंबरात खत आणि सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, निजवायचं नाही. कसोटी मार्चपासून पुढे. पारा तिशीपार गेला आणि रात्रीही उबदार राहू लागल्या की फुलं थांबतात, पानं गळतात. तेव्हा छाटणी करून झाड पूर्वेकडच्या सावलीत, मातीच्या कुंडीत, आजूबाजूला पाणी शिंपून सांभाळावं लागतं. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये.

## गणपतीपर्यंत फुलवायचं असेल तर

ब्रिटनमधल्या घरी बाप्पाच्या आरासीत फुललेली कुंडी हवी असेल तर हिशोब उलट्या बाजूनं करा. नव्या फांदीला तीन जोड्या पानं आली की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून दोन फांद्या फुटतात आणि झाड भरतं. शेवटचा शेंडा खुडल्यापासून एकेरी फुलांच्या वाणांना साधारण आठ आठवडे लागतात, दुहेरी फुलांना दहा किंवा त्याहून थोडे जास्त. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस असेल तर एकेरी वाणांचं खुडणं जूनच्या अखेरीस आणि दुहेरी वाणांचं जूनच्या मध्यावरच थांबवा. सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर दोन्हींना आणखी दोन आठवड्यांची सवड मिळते.